वेल्समधल्या एका खेड्याचा कारभार



लागण, खोडवा, तोडणीचा कार्यक्रम, उतारा आणि ऊसबिलाचा हप्ता हे आपल्या अंकाचे नेहमीचे विषय. ते इतर पानांवर आहेतच. या पानावर मात्र जरा लांबच्या मुलखाची माहिती द्यायची आहे. मुलूख वेल्सचा. ब्रिटनच्या पश्चिम अंगाला असलेला हा डोंगराळ, पावसाळी देश आकाराने आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा थोडा मोठा. २०२१ च्या शिरगणतीप्रमाणे लोकवस्ती सुमारे ३१ लाख. तिथे ऊस नाही. गवत, मेंढ्या आणि दुभती जनावरे. माणसांपेक्षा मेंढ्याच कितीतरी जास्त. मग आपला त्याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध सहकाराचा आहे. सहकारी चळवळीचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो रॉबर्ट ओवेन वेल्समधल्या न्यूटाउन या गावी १७७१ साली जन्मला आणि १८५८ साली तिथेच वारला. सहकार प्रशिक्षणाच्या वर्गाला जे सभासद गेले असतील त्यांच्या कानावरून हे नाव गेलेच असेल.

पण आज ओवेनची गोष्ट सांगायची नाही. सांगायची आहे ती एका खेड्याची. नाव लानएलहायर्न. नाव अवघड आहे खरे. सुरुवातीचा 'ल' तर वेल्सचे लोक जिभेच्या कडेने फुंकर घालून काढतात. आपल्याला तो जमायचा नाही. 'लान' म्हणजे देवळाभोवतीचे आवार आणि पुढे त्या संताचे नाव, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. वेल्सच्या वायव्य टोकाला लीन नावाचे द्वीपकल्प समुद्रात घुसले आहे. तिथे अर आय्व्ल नावाचा तीन शिखरांचा डोंगर आहे आणि त्याच्या पायथ्याशी हे गाव. डोंगराच्या एका शिखरावर दोन हजार वर्षांपूर्वीचा दगडी तट आणि तटाच्या आत सुमारे दीडशे गोलाकार घरांची जोती अजून शाबूत आहेत. शेजारच्या किनाऱ्यावरचे त्रेवोर हे गाव कारभाराच्या दृष्टीने यातच मोडते. दोन्ही मिळून वस्ती हजार-अकराशे. आपल्याकडे एवढ्या वस्तीला लहान ग्रामपंचायत असते, तसेच तिथेही आहे.

आता तिथला कारभार कसा चालतो ते पाहू.

पूर्वी गावचा कारभार चर्चच्या आवारातल्या सभेत चाले. देवाचे आणि गावाचे हिशेब एकाच वहीत म्हणा ना! १८९४ च्या कायद्याने ते दोन्ही वेगळे केले आणि निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिली आल्या. पुढे १९७२ सालचा स्थानिक स्वराज्याचा कायदा १ एप्रिल १९७४ पासून अमलात आला आणि वेल्समध्ये पॅरिश हे नाव जाऊन कम्युनिटी कौन्सिल हे नाव आले. आपण तिला सोयीसाठी गावकौन्सिल म्हणू. अशा गावांच्या व छोट्या शहरांच्या कौन्सिली वेल्समध्ये सुमारे ७३० आहेत. त्यांच्यावर १९९६ पासून २२ जिल्हा कौन्सिली आहेत. त्याआधी मध्ये तालुक्यासारखा आणखी एक थर होता, तो १९९६ ला काढून टाकला. सर्वांत वर वेल्सची विधानसभा. ती १९९९ साली सुरू झाली. २०२० पासून तिला सेनेद म्हणतात. लानएलहायर्न हे ग्विनेद जिल्ह्यात येते.

गावकौन्सिलचे सदस्य गावातले मतदार निवडतात. अध्यक्ष सदस्यांतूनच, आणि तोही दर वर्षीच्या मे महिन्यातल्या वार्षिक सभेत पहिल्या विषयालाच निवडायचा. सभेची सूचना पूर्ण तीन दिवस आधी गावात लावावी लागते. कोरम एकतृतीयांश सदस्यांचा, पण तिघांपेक्षा कमी चालत नाही. सभा लोकांना खुली असते. कायद्यात एक गमतीचे कलम आहे : ज्या जागेत त्या वेळी दारूविक्री चालू असेल तिथे सभा भरवायची नाही, गावात दुसरी जागा फुकट किंवा बेताच्या भाड्यात मिळतच नसेल तरच चालेल. कायदा करणाऱ्यांना गावाची माहिती होती, असेच म्हणावे लागेल.

कौन्सिलला एक कारकून असतो, त्याला क्लार्क म्हणतात. बहुतेक ठिकाणी तो थोड्या तासांचा पगारी माणूस असतो. पत्रव्यवहार, इतिवृत्त, जमाखर्च हे सगळे त्याच्याकडे. एका अर्थी गावकौन्सिल म्हणजे तोच.

पैसा कुठून येतो? आपल्याकडे ग्रामपंचायत घरपट्टी स्वतः वसूल करते. तिकडे तसे नाही. गावकौन्सिल वर्षाच्या खर्चाचा अंदाज करते आणि जिल्हा कौन्सिलला कळवते की, आमच्या गावासाठी एवढी रक्कम पाहिजे. जिल्हा कौन्सिल ती रक्कम गावातल्या घरांच्या करात मिळवते, वसूल करते आणि गावाला देते. त्यामुळे वसुलीसाठी सदस्यांना कोणाच्या दारात जावे लागत नाही आणि थकबाकीवरून भाऊबंदकीही होत नाही. मात्र प्रत्येक घराच्या बिलावर गावकौन्सिलचा आकडा वेगळा छापलेला असतो. तो वाढला की लोक विचारतातच. हिशेबाची तपासणी दर वर्षी होते आणि ठरलेल्या मुदतीत कोणीही मतदार वह्या पाहू शकतो.

आणि या पैशातून करायचे काय? पायवाटा, बाके, बसथांब्याची शेड, मुलांचे खेळाचे मैदान, दफनभूमी, सभागृहाला मदत. रस्ते, कचरा, शाळा, घरबांधणी हे सगळे जिल्हा कौन्सिलकडे. गावात कोणी नवे घर बांधायचे म्हटले तर परवानगी जिल्ह्याची. गावकौन्सिलला फक्त विचारतात. विचारतात आणि मग आपल्या मनाचे करतात, अशी तक्रार तिथल्या गावांत ऐकू येणारच. खरी गोष्ट ही की, गावाच्या जिवाभावाच्या विषयांवर गावकौन्सिलच्या हाती सही नाही, फक्त मत आहे.

या दुबळेपणाची किंमत काय असते ते ग्विनेदमधल्याच एका खोऱ्याने पाहिले. बाला या गावाजवळ कापेल केलिन नावाचे खेडे होते. लिव्हरपूल या इंग्लंडमधल्या शहराला पाणी पाहिजे होते. त्या शहराने स्थानिक परवानगीच्या वाटेला न जाता थेट लंडनच्या पार्लमेंटकडून १९५७ साली स्वतंत्र कायदाच करून घेतला. वेल्समधल्या ३६ खासदारांपैकी ३५ जणांनी त्याला पाठिंबा दिला नाही, तरी कायदा झाला. १९६५ साली घरे, शेते, शाळा, पोस्ट आणि प्रार्थनामंदिर पाण्याखाली गेले. लिव्हरपूलच्या कौन्सिलने माफी मागितली ती २००५ साली, चाळीस वर्षांनी. आपल्यापैकी ज्यांची जमीन धरणात गेली त्यांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. त्या धरणामुळे वेल्समध्ये गावोगावी एक गोष्ट लोकांच्या मनात बसली की, नुसते निवेदन देऊन भागत नाही.

आता पुन्हा लानएलहायर्नकडे वळू. या पट्ट्यातल्या लोकांचे पोट शेतीपेक्षा ग्रॅनाइटच्या खाणींवर होते. त्रेवोरच्या डोंगरातला दगड जहाजांनी बाहेर जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर खाणींचा धंदा उतरणीला लागला. तरुण पोरे कामासाठी बाहेर पडली, गावात म्हातारी माणसे उरली आणि शाळेचा पट घसरू लागला. १९७० च्या सुमारास त्यावेळच्या जिल्हा कौन्सिलने गावची प्राथमिक शाळा बंद करायचे मनात घेतले. मुले थोडी, खर्च जास्त, हे कारण. आपल्याकडे कमी पटाच्या शाळांबद्दल हेच शब्द ऐकू येतात.

त्याच १९७० साली कार्ल क्लाउज नावाचा तरुण डॉक्टर गावात दवाखाना चालवायला आला होता. मँचेस्टरमध्ये वाढलेला, आई वेल्सची. वेल्श भाषा त्याने मागाहून शिकून घेतली. शाळा गेली की तरुण जोडपी येणार नाहीत, जोडपी नाहीत तर दुकान नाही, बस नाही, आणि शेवटी डॉक्टरही नको, हे त्याला दिसत होते. गावकऱ्यांनी रहिवाशांची संघटना काढली, सभा घेतल्या, कौन्सिलला धारेवर धरले. शाळा वाचली.

इथे बहुतेक गावे थांबतात. सत्कार होतो, हार होतात आणि मंडळी घरी जातात. लानएलहायर्नच्या लोकांनी पुढचा प्रश्न विचारला : मुलेच नसतील तर वाचवलेल्या शाळेत बसणार कोण? मुले पाहिजेत तर आईबापांना गावात काम पाहिजे. काम देणारा कारखानदार बाहेरून येईना. तेव्हा आपणच काढू, असे ठरले. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आयरिश भाषा बोलणाऱ्या गावांनी अशा सहकारी संस्था आधीच काढल्या होत्या. त्यांचा नमुना समोर होता. १९७४ साली 'अंतीर एलहायर्न' ही संस्था स्थापन झाली. अंतीर म्हणजे धाडस, उद्योग. संपूर्ण गावाची मिळून असलेली ब्रिटनमधली ही पहिली सहकारी संस्था मानतात.

यातला बारकावा सभासदांनी लक्षात घ्यावा. तोवर ब्रिटनमध्ये सहकार म्हटले की ग्राहकांची दुकाने किंवा शेतकऱ्यांचे दूध-खरेदीचे संघ. म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा सहकार. आपला कारखानाही त्याच जातीचा; ऊस पिकवणारा तो सभासद. अंतीरमध्ये सभासद होण्यासाठी अमुक पीक किंवा अमुक धंदा पाहिजे असे नव्हते. तो गावाचा माणूस असणे, हीच पात्रता. संस्थेने लोकरीचे विणलेले कपडे आणि मातीची भांडी बनवायला सुरुवात केली. सगळे उद्योग टिकले नाहीत. लोकरीचा बाजार आणि फॅशन गावच्या ठरावावर चालत नाही, हे साखरेच्या भावाचा अनुभव असलेल्यांना वेगळे सांगायला नको. पण वाट पडली. १९७७ साली स्कॉटलंडच्या उत्तरेकडील विकास मंडळाने बेटांवरच्या गावांसाठी अशाच सहकारी संस्थांना भांडवली मदत देण्याची योजना सुरू केली.

डॉ. क्लाउज तेवढ्यावर थांबले नाहीत. डोंगराच्या पलीकडच्या बाजूला समुद्राकाठी नांत गुर्थेर्न नावाची खाणकामगारांची वस्ती होती. खाण बंद पडली तशी माणसे गेली आणि घरांची छपरे पडली. १९७८ साली त्यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या न्यासाने ती सबंध उजाड वस्ती खाण कंपनीकडून विकत घेतली. घरे दुरुस्त केली आणि १९८२ साली तिथे वेल्श भाषा शिकवण्याचे पहिले वर्ग भरले. आज ते राष्ट्रीय भाषा केंद्र आहे. भाषा शिकायला लोक येतात, राहतात, जेवतात आणि त्यातून आसपासच्या लोकांना काम मिळते. डॉ. क्लाउज २०२१ साली वारले.

इथून जवळच, डोंगराच्या खांद्यावर लिथवाइन हे खेडे. तिथली व्हिक्टोरिया नावाची खाणावळ-पिठे बंद पडले. दारूचे दुकान बंद पडले तर बरेच झाले, असे आपल्या मंडळींना, विशेषतः भगिनींना, वाटेल. पण तिकडच्या गावात ते ठिकाण म्हणजे चावडी, पार आणि गाण्याबजावण्याची बैठक सगळे एकच असते. १९८८ साली गावकऱ्यांनी भाग घेऊन पैसे उभे केले आणि ती जागा स्वतः चालवायला घेतली. 'तावार्न अ विक' या नावाने ती अजून गावाच्या मालकीची आहे. याच जिल्ह्यातल्या लानदुरोग गावाने २०२१ साली हाच मार्ग धरला. २०१७ पासून बंद असलेली तिथली खाणावळ विकत घेण्यासाठी त्यांनी भागविक्री काढली आणि चार लाख पौंडांहून अधिक भांडवल जमवले.

या भागांचे नियम आपल्या ओळखीचे आहेत. भाग कितीही घ्या, मत एकच. भाग शेअरबाजारात विकता येत नाही. पैसे परत पाहिजेत तर मूळ किमतीला, आणि तेही संचालक मंडळाला झेपेल तेव्हा. नफा झाला तर आधी संस्थेच्या आणि गावाच्या कामाला. एक फरक मात्र आहे. गावाबाहेरचे, अगदी परदेशात गेलेले लोकही असे भाग घेतात. मुंबईत नोकरीला असलेल्या माणसाने गावच्या देवळाला वर्गणी पाठवावी तसे ते आहे. पण इथे पावतीऐवजी भागाचा दाखला आणि सभेत एक मत मिळते.

गावजीवनाचा दुसरा आधार त्यांची भाषा. सबंध वेल्समध्ये २०२१ च्या शिरगणतीत वेल्श बोलणारे शेकडा १८ सुद्धा भरले नाहीत. ग्विनेद जिल्ह्यात मात्र शेकडा ६४. जिल्हा कौन्सिलचे अंतर्गत कामकाज वेल्शमध्ये चालते. गावोगावी प्रार्थनामंदिराच्या खोलीत किंवा सभागृहात आयस्तेदवोद, म्हणजे गाणी-कविता-पाठांतराच्या स्पर्धा, भरतात. स्त्रियांची 'मेर्खेद अ वाउर' ही संघटना १९६७ साली बालाजवळच्या पार्क या खेड्यात जन्मली. कारण असे की, ज्या जुन्या महिला संस्थेत त्या होत्या तिचा कागदोपत्री व्यवहार इंग्रजीतच झाला पाहिजे असा आग्रह होता. बायांनी सरळ ती संस्था सोडली आणि आपली वेगळी काढली.

आणि 'पापिर ब्रो'! हा प्रकार आमच्या विशेष जिव्हाळ्याचा, कारण तो आपल्या या अंकाचा दूरचा भाऊबंद. ब्रो म्हणजे आपली पंचक्रोशी, पापिर म्हणजे पत्र. पहिले असे पत्र १९७३ साली कार्डिफ शहरात निघाले आणि नंतर खेड्यापाड्यांतून पन्नासांवर पत्रे निघाली. लग्ने, बारसे, मयत, शाळेचा निकाल, कौन्सिलच्या सभेत काय झाले, कोणाच्या मेंढ्याला बक्षीस मिळाले, असा मजकूर. संपादक बिनपगारी, बातमीदार बिनपगारी. कित्येक ठिकाणी छापून आलेली पाने घडी घालायला एक संध्याकाळ ठरलेली असते. मंडळी जमतात, घड्या घालतात, चहा पितात आणि जे छापता येत नाही ते तिथे बोलतात.

हे सारे वाचून तिकडे सर्व आलबेल आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. गावकौन्सिलच्या जागांसाठी उमेदवार मिळत नाहीत, हे तिथले मोठे दुखणे. असंख्य जागा बिनविरोध जातात आणि कित्येक रिकाम्याच राहतात. मुदतीत जागा रिकामी झाली तर नोटीस लावायची. दहा मतदारांनी मागणी केली तर पोटनिवडणूक, नाही तर उरलेले सदस्य कोणाला तरी घेतात. बिनविरोधाचे आपल्याकडे कौतुक होते. तिथे मात्र २०२१ च्या नव्या कायद्याने एक अट घातली आहे. गावकौन्सिलला गावाच्या भल्याचे कोणतेही कायदेशीर काम करण्याचा व्यापक अधिकार पाहिजे असेल तर तिचे निदान दोनतृतीयांश सदस्य निवडणुकीच्या रीतीने आलेले पाहिजेत. मागाहून घेतलेले त्यात धरायचे नाहीत. शिवाय कारकून परीक्षा पास झालेला पाहिजे आणि लागोपाठच्या दोन वर्षांच्या हिशेबावर तपासनिसाचा शेरा नको. म्हणजे निवडणुकीला अर्ज कोणी भरला नाही, तर गावाचा अधिकारच कमी. ही अट आम्हाला फार योग्य वाटते.

दुसरे दुखणे घरांचे. समुद्र आणि डोंगर दोन्ही असल्यामुळे बाहेरचे पैसेवाले लोक लीन भागात सुटीपुरती घरे घेतात. वर्षातले दहा महिने दिवा लागत नाही आणि घरांच्या किमती मात्र गावच्या पोरांच्या आवाक्याबाहेर जातात. ग्विनेदच्या कौन्सिलने अशा दुसऱ्या घरांवरचा कर एप्रिल २०२१ पासून दुप्पट आणि एप्रिल २०२३ पासून अडीचपट केला. त्यावरून मोठा वाद झाला. विकत घेणारे ओरडले ते ठीक, पण विकणारे गावचेच होते, तेही ओरडले.

आणि शाळा? लानएलहायर्नची जी शाळा सत्तरच्या दशकात गावाने वाचवली, ती पुढे जवळजवळ पन्नास वर्षे चालली. पट पुन्हा घसरला, अगदी थोडी मुले राहिली आणि २०२० साली ती बंद झाली.

आता तिथे गावकौन्सिलच्या निवडणुका दर पाच वर्षांनी होतात. मागची मे २०२२ मध्ये झाली. त्या वेळी सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना स्थानिक निवडणुकीत पहिल्यांदा मत मिळाले. त्या हिशेबाने, शाळा बंद झाली तेव्हा जी मुले शेवटच्या वर्गात अकरा वर्षांची होती ती २०२७ च्या निवडणुकीत मतदार यादीत असतील, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांची सदस्य होण्यासाठीची अठरा वर्षांची अटही तोवर पुरी झालेली असेल.